भोकं पाडलेली पेटी

खलीलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला सराव परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. त्यांच्या पुतण्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. लातूरला पोचेपर्यंत दफन उरकलं असतं, असं स्वतःला समजावून मी त्या दिवशी गेलोच नाही. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती पंधरा-सोळा वर्षं जिभेवर येऊन परत जात राहिली, आणि आता ऐकणाराच गेला... शेवटी चाळिसाव्याला गेलो.

लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. भूकंप झाला तेव्हा ते ऐन तिशीत. पडलेल्या गावांत पत्र्याची शेडं ठोकायला गेले आणि वर्षभर तिकडेच राहिले. ढिगारे उपसताना साप निघायचे. माणसं आधीच बिथरलेली, दिसला की ठेचायची. खलीलभाई मधे पडायचे. ‘‘अरे, त्याचं बी घरच पडलंय की,’’ म्हणायचे. साप धरायला ते तिथंच एका म्हाताऱ्याकडून शिकले. पुढं लातुरात क्लासेसची लाट आली. दहावी झालेली पोरं गावोगावाहून एसटीनं उतरायची, ती गादी, बादली आणि खलीलभाईंची पेटी घेऊनच खोलीवर जायची. त्याच लाटेवर मीही तरलो. एका क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवत होतो.

आमच्या क्लासच्या मालकाला जाहिरातीची भारी हौस. त्यानं कुठूनशी एक धामण आणून प्रवेशाच्या टेबलाशेजारी काचेच्या पेटीत ठेवली. पालक वाकून बघायचे, पोरं काचेवर टिचक्या मारायची. प्रवेश संपले आणि तिच्याकडं बघणारं कुणी उरलं नाही. पाणी आटलं. काचेवर घासून घासून नाकाची सालं निघाली, जुनी कात अंगावरच चिकटून बसली, डोळे पांढुरके झाले. मी रोज तिच्यासमोरून वर्गात जायचो आणि फळ्यावर सर्पाची आकृती काढायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! एक दिवस मालक म्हणाला, ‘‘सर, वास मारून राहिलंय, पालकसभेच्या आत याची काहीतरी विल्हेवाट लावा.’’ तेव्हा कुठं मला खलीलभाई आठवले.

त्यांनी आधी धामण बघितली, मग मला. ‘‘सर, तुमी हेच शिकवता ना पोरांना?’’

‘‘हाव.’’

‘‘मग?’’

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. विकायला ठेवलेली एक नवी कोरी मोठी पेटी ओढली आणि खिळ्यानं भोकं पाडायला बसले. आतून बाहेर ठोकायचे. ‘‘धार भायेर ऱ्हाती, जनावराला लागत न्हाई,’’ एवढंच म्हणाले. वनखात्याच्या माणसाला बोलावून दाखवलं. बरी करा, मग सोडू, असं तो सांगून गेला. मग सुरू झालं ते बाळंतिणीचं करावं तसं. कोमट पाण्याच्या घमेल्यात तिला बसवायचं, ओल्या फडक्यानं चिकटलेली कात रोज नखभर सोडवायची, खवल्यांतल्या गोचिडी एकेक काढायच्या, खाली ओलसर गोणपाट घालायचं. धामण काही खात नव्हती. रोज सकाळी झाकण उघडून खलीलभाई विचारायचे, ‘‘क्या मॅडम, आज भी रोजा?’’ त्यांची बायको रजियाभाभी आतून ओरडायची, ‘‘मेरे कू कभी पूछे क्या ऐसा?’’

नागपंचमीला त्यांना भाभीला घेऊन दोन दिवस देगलूरला बहिणीकडं जायचं होतं. दुकानाची किल्ली माझ्याकडं दिली. ‘‘फकस्त पाणी बदला सर. दुसरं काईच नक्को.’’ हे आईला कळलं, आणि सकाळीच ती वाटीत दूध घेऊन उभी राहिली. मी म्हणालो, ‘‘आई, साप दूध पीत नसतो. त्याला ते पचत नाही. आणि ही धामण आहे, नाग नव्हे.’’

‘‘लई शिकलास! आजारी जीव हाय. सणाच्या दिवशी उपाशी ठेवतूस व्हय रे?’’

आता मी प्राणिशास्त्राचा मास्तर. शंभर पोरांसमोर हे दरवर्षी सांगणारा. पण आईच्या हातात हळदकुंकू, डोळ्यांत पाणी... मी वाटी घेतली. पाणी बदलायला पेटीतलं घमेलं बाहेर काढलेलं होतंच, त्याच्या जागी वाटी ठेवली. थोड्या वेळानं उचलीन म्हटलं. दुपारी गेलो तर वाटी गोणपाटात कुठं गेली दिसेना, आणि वर्गाची वेळ झालेली. घमेलं बाहेरच राहिलं. तहानलेला जीव समोर ठेवलेलं ओलं पिणारच.

खलीलभाई दुसऱ्या दिवशी सकाळीच परतले. मी पोचलो तेव्हा धामण दोरीसारखी सैल पडली होती, ओकली होती, पेटीला आंबूस वास येत होता. ‘‘उकाड्यानं झालं असेल,’’ मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं. ते नुसते तिचं तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘मैं गयाच नक्को था.’’ खरं सांगायची वेळ तीच होती. मी घड्याळ बघितलं आणि क्लासला गेलो.

पुढचे तीन महिने दुकान भाच्यावर टाकून ते तिच्याजवळ बसले. दिवाळीनंतर तिनं पहिला उंदीर गिळला तेव्हा मला वर्गातून बोलावणं धाडलं! अंगावरची कात सलग उतरली, डोळे काळे कुळकुळीत झाले. वनखात्याच्या माणसासोबत जळकोटच्या रस्त्याला माळावर नेऊन सोडली. ती गवतात गेली, खलीलभाईंनी मागं वळून बघितलं नाही. आई मात्र कितीतरी दिवस विचारत होती, ‘‘माझ्या वाटीला पाय फुटले का रे?’’ मी म्हणायचो, हरवली असेल. मला वाटायचं, घाण गोणपाटाबरोबर उकिरड्यावर गेली.

चाळिसाव्याला लोक जेवून पांगले तेव्हा रजियाभाभीनं मला आत बोलावलं. कोपऱ्यात तीच पेटी होती, आता गोधड्यांची. भाभीनं गोधड्या उपसल्या आणि तळातून स्टीलची वाटी काढली. घासूनपुसून लख्ख. कडेला ठोकून काढलेली अक्षरं होती, कौसाबाई. माझी आई. ती जाऊनही आता आठ वर्षं झाली.

‘‘त्यांना ठाऊक होतं?’’

‘‘पैल्या दिवसापासून. गोणपाटातच घावली. मी म्हन्ले, देऊन येते. तर बोले, मेरे जीते जी नक्को दे, सर शरमाते.’’

एवढी वर्षं मी त्या दुकानात चहा प्यालो. एवढी वर्षं ते मला ‘सर’ म्हणत राहिले. मला तिथंच रडू फुटलं, लपवायचा प्रयत्नही केला नाही. भाभी आत गेली, वाटीत साखर भरून घेऊन आली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत, ना त्यांच्यात, ना आमच्यात.

मी त्या पेटीजवळ बसलो. आतल्या बाजूनं हात फिरवला. भोकं गुळगुळीत होती.

‘‘दूध मीच ठेवलं होतं, खलीलभाई,’’ मी म्हणालो.

‘‘हाव सर,’’ भाभीच बोलली. ‘‘साखर खावा.’’