लेकीची ओढणी आणि आमची चंद्री

मंडळी, आज सकाळी म्या लेकीची ओढणी डोक्यावर घेऊन गाईची धार काढली. हसायचं तर हसून घ्या.

आमची राणी गेल्या आठवड्यात लग्न होऊन माकणीला गेली. आमची देवणी गाय चंद्री कालवड होती तवापासून तिच्याच हाताची. ती गेल्यापासून चंद्री वासराला पाजते, पण आमी बादली घेऊन बसलो की पान्हा चोरते. पेंड ठेवली, पाठ खाजवली. न्हाय म्हंजी न्हाय.

आज राणीला फोन लावून चंद्रीच्या कानाजवळ धरला. "चंद्रे, दे गं बाई," राणी तिकडून म्हणली. चंद्री फोनच्या मागं मान घालून तिला हुडकायला लागली. म्या तसं राणीला सांगितलं.

"आबा, माझी जुनी ओढणी घ्या अंगावर," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

चंद्रीनं ओढणी हुंगली, चाटली अन् पान्हा सोडला.

"आणा, धुऊन टाकते," बायको म्हणली.

"नको. वास जाईल, मग गाय दूध देणार न्हाय."

ओढणी गोठ्यात खुंटीला लावली. दुपारी उगंच तिकडं गेलो, तर बायको आधीच ओढणीत तोंड खुपसून उभी.

लेक नांदायला गेल्यावर तुमी काय करता हो?