पाठराखीण घेऊन पीएच.डी.ला

पीएच.डी.ला रुजू होताना सोबत काय काय न्यावं, असं एका वाचक मुलीनं परवा विचारलं. चादर, कुलूप, कागदपत्रांच्या प्रती हे तिला कोणीही सांगेल. मी आपलं माझ्यापुरतं खरं उत्तर देते. मी सोबत आत्या नेली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. अमरावतीला मामांच्या घरी राहून मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, ते आमच्या दुसरबीडमध्ये सगळ्यांनी चालवून घेतलं. मामाचं घर म्हणजे अर्धं आपलंच. पण पुढच्या संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली ती नागपूरला, आणि तिथे आमच्या ओळखीचं काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. मुलगी वसतिगृहात राहणार, किती वर्षं ते नक्की नाही, आणि लग्नाचं वय तर उलटून चाललेलं. बाबांनी सरळ नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते दोन दिवस गप्प राहिले आणि मग आईला म्हणाले, "पोरीले सासरी धाडतानी आपन एकटी धाडतो का? पाठराखीन देतो. बाई जाईन हिच्यासंगं. जागा पाहीन, मानसं पाहीन. बाई हो म्हनली तं धाडू. नाई म्हनली तं विषय संपला."

बाई म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी गोदाआत्या. नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा माहेरची एक जाणती बाई चार दिवस तिच्यासोबत राहून येते, ती पाठराखीण. आता ही पद्धत फारशी उरली नाही, म्हणून सांगितलं. गोदाआत्याला मात्र गावात या कामासाठी कोणी कधी बोलावलं नव्हतं. तिला धामणगाव बढ्याला दिलेलं होतं आणि तिथून ती दोनेक वर्षांतच परत आली होती, कायमची. नांदू न शकलेल्या बाईला नव्या नवरीसोबत कोण पाठवणार? बाबांनी तिचं नाव घेतलं कारण घरात जायला मोकळी तीच होती, आणि हे काही खरं लग्न नव्हतं. आत्यानं मात्र ते अगदी खरं मानलं.

तयारी माझ्यापेक्षा तिचीच जास्त झाली. मी एक ट्रंक आणि वळकटी बांधली. तिनं बेसनाचे लाडू, करंज्या आणि शेव करून बांबूची टोपली गच्च भरली आणि वर नवं फडकं शिवून टाकलं. ही शिदोरी, नवरीसोबत सासरी वाटायला जाते तशी. मी म्हटलं, "आत्या, ती प्रयोगशाळा आहे." ती म्हणाली, "असू दे ना. नव्या घरी हात हालवत जात नसते." शेजारचे एक काका कुंपणावरून बाबांना विचारत होते, "राजधानी तं मुंबईले गेली ना बे किसन, मंग पोरगी नागपूरले काऊन जाऊन राह्यली?" नागपूर एकेकाळी आमच्या भागाची राजधानी होती, त्यावरून हा प्रश्न.

सकाळच्या एस.टी.नं निघालो. आज तुम्ही निघालात तर दुसरबीडजवळूनच गेलेल्या नव्या महामार्गानं जेवणाच्या वेळेपर्यंत नागपुरात पोचाल, वाटेत काहीही न बघता. आम्हाला आधी बुलढाण्याला जायचं होतं, कारण शिष्यवृत्तीसाठी जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरांचा आरोग्याचा दाखला लागत होता. देऊळगाव राजावरून चिखली, तिथे गाडी बदलायची, मग बुलढाणा. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा नुसता खडीचा. पेरण्या आटोपल्या होत्या, शेतं काळी आणि त्यात हिरव्या रेघा नुकत्या दिसायला लागलेल्या. तिकिटाला किती पडले ते आठवत नाही, आणि आठवलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. टोपली आत्यानं टपावर टाकू दिली नाही. ती मांडीवर घेऊनच बसली.

बुलढाणा उंचावर आहे, त्यामुळे उतरल्या उतरल्या हवा बदललेली कळते. आत्यानं पदर अंगभर घेतला. दवाखान्यात कारकुनानं माझं नाव लिहून घेतलं आणि तिच्याकडे बघून विचारलं, "ह्या कोन?"

"पाठराखीन," आत्या म्हणाली.

त्याचा चेहरा खुलला. "असं का! मंग नवरदेव कुठले हायेत?"

"नवरदेव नाई. पीएच.डी. हाय."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. दाखला मात्र त्याच दिवशी मिळाला, आणि सरकारी कचेरीत हे किती मोठं भाग्य असतं ते जिल्ह्याच्या ठिकाणी कामं असणाऱ्यांना माहीत आहे. बाबांच्या ओळखीच्या एका वकिलांकडे रात्र काढली. त्यांच्याकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. बुलढाण्याकडे गेलात तर ही भाकरी विचारून खा, हॉटेलात आपणहून कोणी देणार नाही.

दुसऱ्या दिवशी मलकापूरची गाडी धरली, कारण रेल्वे तिथे. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूरचा घाट लागतो. लहानच घाट, पण पठार संपून खाली सपाट मुलूख एकदम उघडा पडतो तेव्हा खिडकीची जागा मिळालेली असावी. मला मिळाली होती. मोताळ्याच्या थांब्यावर गाडी बराच वेळ थांबली. धामणगाव बढ्याची माणसं इथेच उतरतात आणि चढतात. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी गाडीत चढली, आत्यासमोर थबकली आणि निरखून बघायला लागली.

"तू गोदा नाई का? पाटलाच्या आळीतली? म्या वळखलं तुले."

"मी नाई," आत्या म्हणाली.

"अवं, तुह्या लग्नात म्या पानी भरलं होतं."

"दुसरी असन कोनी," आत्या म्हणाली आणि टोपलीचं फडकं नीट करत राहिली.

म्हातारी मागे जाऊन बसली. मी आत्याला त्याबद्दल काही विचारलं नाही. मला खरं सांगायचं तर तेव्हा तिच्यापेक्षा माझीच काळजी वाटत होती. तिचं मन असं कडू होऊन ती नागपूरला पोचली तर मला कुठलं हो म्हणणार?

मलकापूरहून दिवसाची गाडी मिळाली. नांदुरा, जलंब, शेगाव. शेगावला अर्ध्या डब्यानं हात जोडले आणि उरलेल्या अर्ध्यानं कचोऱ्या घेतल्या. आत्यानं हात जोडले. कचोरी मी घेतली. आमच्या जेवणाला दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. लांबच्या प्रवासाला याच्यासारखं दुसरं काही नाही, दोन दिवस टिकतात आणि हात चिकट होत नाहीत. नागपूरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वसतिगृहाच्या बाईंनी पाहुण्यांच्या खोलीत दोन खाटा दिल्या.

सकाळी विभागात गेलो. प्रयोगशाळेच्या दारातच आत्या थांबली. "कोनाचं अंडं सडलं वं इथं?" तो एका वायूचा वास होता, आम्हा रसायनवाल्यांना त्याचं काही वाटत नाही, पण पहिल्यांदा येणाऱ्याला ते कसं समजावणार? माझे मार्गदर्शक होणारे सर आतून आले. पन्नाशीचे, उंच, बोलणं मोजकं. मी आत्याची ओळख करून दिली. पाठराखीण हा शब्द मी गाळला. आत्यानं तो लगेच भरून काढला.

मग तिची चौकशी सुरू झाली. पाणी कुठून येतं, किती वेळ येतं? पोरीनं जेवायचं कुठं? संध्याकाळी सुटका कधी? दुखलंखुपलं तर कोण बघणार? इथे बाकी बायका किती? एक होत्या, त्या वेळी रजेवर. सरांनी प्रत्येक प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर दिलं, न हसता आणि न चिडता. मी टेबलाची कड धरून उभी होते. मग आत्यानं टोपली उचलली आणि ब्यूरेटच्या ओळीशेजारी, ॲसिडच्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली आणि फडक्याचा टाका तोडायला लागली.

"ते इथून उचला," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कडक होता. "इथे खायचं काही ठेवायचं नाही."

आत्याचा हात तसाच राहिला. शिपायानं टोपली उचलून ऑफिसात नेली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून येऊ शकशील? तुला जमेल तेव्हापासून, पण सोमवारी उपकरण मोकळं आहे." मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

दुपारी ऑफिसात सगळ्यांनी शिदोरी खाल्ली. सरांनीही दोन लाडू घेतले आणि चांगले झालेत म्हणाले. संध्याकाळी शिपायानं टोपली स्वच्छ धुऊन आणून दिली. रिकामी. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे कोणाचंही भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आणि शिदोरीची टोपली सासरहून रिकामी येणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखंच. बिचाऱ्या विभागाला काय माहीत? आत्या तेव्हा खोलीत पडली होती. मी टोपली लपवत फाटकाबाहेर गेले, केळीवाल्याकडून चांगली दोन फण्या केळी घेतली, टोपलीत रचली आणि तिला आणून दाखवली. "विभागातून दिली," असं सांगितलं.

"हाव का," एवढंच ती म्हणाली.

परतीचा प्रवास तोच, फक्त उलटा; निकाल घरी लागायचा होता, म्हणून मीही आत्यासोबत निघाले. अकोल्याला मला राहवलं नाही. "कसं वाटलं, आत्या?"

"घरी सांगीन."

एक केळं सोलून तिनं मला दिलं, एक स्वतः खाल्लं. घाट चढताना मी मनाशी ठरवलं की ही नाही म्हणाली तर शाळेत नोकरी बघायची. कुठली शाळा, तेही ठरवून झालं होतं. अमरावतीच्या प्रयोगशाळेत घालवलेली ती वर्षं आठवून रडू येत होतं, पण एस.टी.त रडायची सोय नसते.

घरी पोचलो. आत्यानं पाय धुतले, चहा घेतला आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसली. बाबा समोर. आई दारात. मी आईच्या मागे.

"जागा पाह्यली," आत्या म्हणाली. "मोठी हाय. सडक्या अंड्याचा वास येते. पानी दिवसभर हाय. मास्तर कडक हाय. टोपली उचला म्हने, मले."

"तुले?" बाबा म्हणाले.

"मले. शिदोरी खाल्ली सगळ्यानं. टोपली रिकामी वापस देली."

आईनं तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, "केळी दिली होती ना—"

"ते तू घेतले. तू भाव करून राह्यली होती तवा मी खिडकीत उभी होती." मग बाबांकडे वळून, "रिकामीच देली, किसन."

"म्हंजे मानसं बरे नाईत," बाबा म्हणाले आणि उठायला लागले.

"बस खाली. माहं झालं नाई." आत्यानं पदर सारखा केला. "मानसं चांगले हायेत. लाडू खाल्ले आनं कामाले लागले. कोनी मोजले नाई. कोनी म्हनलं नाई का करंजी फुटेल हाय, का तूप कमी हाय. धामनगावले माह्या शिदोरीतला एकेक लाडू फोडून पाह्यला होता सासूनं, साऱ्या आळीसमोर. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. इथं कोनाले देन्याघेन्याचं पडेलच नाई. मास्तरनं हिले एकच इचारलं, येशील का म्हनून. मले कोनी इचारलं होतं का रे, किसन? असं घर मले भेटलं असतं तं मी वापस आली नसती."

धामणगावबद्दल तिच्या तोंडून घरात कोणी पहिल्यांदाच काही ऐकत होतं. बाबा खाली बसले होते ते परत उठले नाहीत. मग आईनंच विचारलं, कारण व्यवहार तिलाच बघायचा असे, "मंग दिवाळीले हिले आनाले मुराळी कोन जाईन?"

"मुराळी काऊन पायजे? हिची हिले येऊ द्या. आली तं खाऊ घाला. जातो म्हनली तं जाऊ द्या."

सोमवारी मी उपकरणापाशी हजर होते. पुढची सगळी वर्षं नागपूर ते दुसरबीड हा प्रवास मी एकटीनं केला, कधी मलकापूरवरून, कधी मेहकरवरून. फिरायला मी त्यानंतर पुष्कळ फिरले, त्यातलं बरंच या ब्लॉगवर लिहिलंही आहे. पण आत्यासोबतच्या त्या प्रवासानं मला जे दिलं त्याची सर दुसऱ्या कशालाच नाही. माझी पदवी तिच्या होकारावर उभी आहे, आणि हे मी तिला ती असताना नीट सांगितलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. घरी यायचं असलं की मी येत असे. परत जायचं असलं की जात असे. दोन्ही वेळा मला कोणाला विचारावं लागलं नाही. आत्याला तिच्या आयुष्यात यातलं एकच, घरी येणं, तेवढं करता आलं होतं, आणि त्याची किंमत ती शेवटपर्यंत देत राहिली.