अक्काचं झालरीचं पोलकं

“गाठ किती दिवसांची आहे?” सांगलीच्या डॉक्टरांनी विचारलं. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मी फरशीकडं बघत बसलेली. सहा महिने झाले होते, आणि हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

“फार उशीर केलात. मला हा कॅन्सर वाटतोय,” ते म्हणाले.

अक्का माझी थोरली बहीण, जत्राजत्रांतून फिरणाऱ्या नाटक कंपनीची नायिका. साताऱ्यात भिंतीभिंतीवर तिचं चित्र. तिचे कपडे मी शिवायची. बहात्तरच्या दुष्काळानंतरची पहिली जत्रा उंब्रजला होती. त्याआधी पोलक्याचं माप घेताना तिच्या डाव्या छातीत हरभऱ्याएवढं टणक काहीतरी माझ्या बोटाला लागलं.

“दुखतंय का गं?”

“न्हाई. दुखत न्हाई त्याला कशाला दवाखाना? जत्रा उरकू दे.”

जत्रांमागून जत्रा झाल्या. गाठ आवळ्याएवढी झाली, वरची कातडी आत ओढली गेली. आणि मी काय केलं? डाव्या खांद्यावरून झालर सोडली! माझ्या अकलेचे दिवे, दुसरं काय. एका मासिकानं त्या पोलक्यातला तिचा फोटो छापला आणि साताऱ्यातल्या कॉलेजच्या पोरी तसलंच शिवून मागायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मी लय मिरवलं.

आधी बायॉप्सी झाली. म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रिपोर्टला आठ दिवस लागले. तो घ्यायला गेलो तेव्हा समोरच्या बाकावर एक नवी सून बसली होती, अंगात झालरीचं पोलकं. “अगंबाई, अक्का ना तुमी?” म्हणून ती धावत आली. अक्का स्टेजवर हसायची तशी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिपोर्ट कॅन्सरचाच आला. “काखेतही पसरलाय,” डॉक्टर म्हणाले. “मॅस्टेक्टॉमी करू. पुढचं आज सांगता येणार नाही.” मॅस्टेक्टॉमी म्हणजे अख्खा स्तनच काढायचा.

ऑपरेशनला आत नेताना अक्का म्हणाली, “कंपनीला दुसरी घावंल. तू मातूर रडू नगंस.” मी रडलेच. रोज टाके पुसताना मनात एकच यायचं, की तेव्हाच बोलले असते तर? नंतर किरणांचे शेक झाले, कातडी काळी पडली. ती किती दिवसांची सोबती, हे आजही कुणी सांगत नाही.

बायांनो, न दुखणारी गाठही कॅन्सरची असू शकते. लाजू नका, आणि माझ्यासारखं झाकून तर मुळीच ठेवू नका.

दिवाळीनंतर कंपनीतल्या बाया साताऱ्याला घरी भेटायला आल्या. “दृष्ट लागली गं बाई,” म्हणून एकीनं डोळ्याला पदर लावला. अक्कानं मला कडी लावायला सांगितली आणि स्वतःचा पदर काढला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

“वर बघा! इतकी वर्सं लोकांनी तिकीट काढून बघितलं. तुमी फुकट बघा, पन नीट बघा. आता हात लावून आपापलं तपासा.”

बाया लाजत, एकमेकींना ढोसत तपासायला लागल्या. अक्काच्या जागी नव्यानं घेतलेली पोर दाराशी उभी होती. तिचा हात काखेजवळ गेला आणि तिथंच थांबला. चेहरा पांढराफटक.

“आवं अक्का,” ती हळूच म्हणाली, “उद्या पाटणला माजा पयला प्रयोग हाय.”

“कंपनीच्या मालकाला मी सांगते,” अक्का उठत म्हणाली. “चप्पल घाल.”

तासाभरात आम्ही तिघी सांगलीच्या यष्टीत होतो.