सडेकोंडचे दोन भाऊ

जयप्रकाशकाका रेवाळे मस्कतमध्ये लिफ्ट दुरुस्त करतात. बौशरमधली बरीच माणसं त्यांच्यामुळे वर जातात, आणि मुख्य म्हणजे खालीही येतात. मी त्यांच्याच कंपनीच्या ऑफिसात काम करतो आणि माबेल्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. रोज सकाळी त्यांच्या गाडीतून बौशरला जायचं आणि वाटेत त्यांचं सगळं ऐकून घ्यायचं, हेच माझं गाडीभाडं.

२०१५च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीने, यशश्रीने, घरात सांगितलं की तिला लग्न करायचंय. ती सीबच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. मुलगा निशांत. इंजिनिअर, बौशरला आईवडिलांबरोबर राहतो, मूळचा रत्नागिरीकडचा. नूतनकाकू देवापुढे साखर ठेवायला उठल्या. तेवढ्यात काकांनी आडनाव विचारलं.

"रेवाळे," यशश्री म्हणाली.

काकू साखरेचा डबा घेऊन तशाच परत आल्या.

काकांचं गाव सडेकोंड, निशांतचं नावेरी. मध्ये एक डोंगर. दोन्ही गावांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, की पूर्वी दोन भाऊ घाटावरून उतरले, नावेरीला जंगल तोडून राहिले, मग धाकटा डोंगर ओलांडून सडेकोंडला गेला. म्हणजे सगळे रेवाळे एकाच रक्ताचे, एक भावकी. निशांत आणि यशश्री भाऊबहीण.

काकांचे थोरले भाऊ रामकृष्ण सडेकोंडलाच असतात. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. फोनवर ते इतके ओरडले की कॉलिंग कार्ड नसतं तरी माबेल्यापर्यंत ऐकू आलं असतं.

"भावाबहिणीचं लगीन लावतोस? तिकडच्या उन्हानं डोकं फिरलं काय तुझं?"

"दादा, भावकी निघाली तर मीच मोडीन," काका म्हणाले. "पण आधी निघू दे."

दुसऱ्या दिवशी गाडीत मला म्हणाले, "लिफ्ट बंद पडली की वॉचमन सांगतो मोटर गेली. म्हणून मी लगेच मोटर बदलतो का? मजल्यामजल्यावर जाऊन बघतो."

यशश्री त्या दिवशी आमच्याबरोबर सीबपर्यंत होती. मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, आणि खरंच भावकी निघाली तर?"

"तर नाही."

"मग नीट बघा," ती म्हणाली.

काका बघायला लागले. वडील, आजोबा, पणजोबा. नातलगांना फोन लावून एकेक मजला खाली. खापरपणजोबांच्या मजल्यावर सगळ्यांचीच नावं धोंडू निघाली आणि तिथे अंधार. मी म्हटलं, "काका, बेसमेंट लागलं." ते म्हणाले, "बेसमेंटच्या खाली खड्डा असतो. लिफ्टचं सगळं त्या खड्ड्यात कळतं. तू बस गप."

आमचे ओमानी सुपरवायझर रशीद. बापजाद्यांची नावं एका दमात म्हणणारा माणूस. रशीदना वाटलं, या वंशावळीत आता आपली मदत होणार. काकांनी अडचण सांगितली. रशीद खूश होऊन म्हणाले, "चाचा के खानदान का लड़का? माशाल्ला! तो फिर प्रॉब्लेम क्या है?"

"वही प्रॉब्लेम है," काका म्हणाले. रशीदनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

एका शुक्रवारी काका निशांतच्या घरी गेले. बोलणी नाही, चौकशी, असं चारदा बजावून. मला साक्षीदार म्हणून नेलं. निशांतचे वडील प्रतापराव सावध होते, आई देविकाबाईंनी चहाबरोबर चकल्या ठेवल्या होत्या. बोलता बोलता गणपतीचा विषय निघाला आणि माझी जुनी जखम उघडी पडली.

"गेल्या वर्षी यांच्याकडे गणपती बसलाच नाही," मी म्हटलं. "तुमच्या नावेरीचे कोणी आजोबा वारले म्हणून. काकूंनी मोदकाचं खोबरं फ्रीजरमध्ये टाकलं. अजून तिथेच असेल."

प्रतापरावांनी कप खाली ठेवला. "आमच्या तात्यांचं सुतक तुम्ही पाळलंत?"

"पाळणारच. भावकी नाही का?" काका म्हणाले. "आमचा चुलता गेला तेव्हा तुम्ही नाही पाळलंत?"

"तोही गणपतीतच गेला ना? आम्ही आंघोळ केली आणि आरतीला बसलो. तुमचं आम्हाला कुठे लागतं?"

"मग आम्ही तुमचं पाळतो ते?"

"आम्हाला वाटायचं, तुमची श्रद्धा जरा जास्त."

काकांनी चकली तोंडाशी नेली होती, ती परत बशीत ठेवली. सख्ख्या भावांच्या घराण्यांत सुतक दोन्हीकडून लागतं. हे एकाच बाजूने लागत होतं, आणि मध्ये डोंगर असल्यामुळे आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी परतताना काका हायवेभर एकच वाक्य बोलले, "करंट एकाच बाजूने येतोय."

दुसऱ्या सकाळी त्यांनी गाडीतूनच कलावतीआत्याला फोन लावला. ही काकांची सख्खी आत्या, सडेकोंडची माहेरवाशीण, आता चिपळूणला मुलाकडे. ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर.

"आत्या, घाटावरून दोन भाऊ उतरले ते खरं ना?"

"कोण सांगतं?"

"सगळेच. आपल्या शेताच्या कडेला त्यांचे दोन दगड आहेत ना."

"आहेत. माघात पूजा असते. त्यातल्या डाव्या दगडाला काय करतात?"

काका आठवू लागले. "आई ओटी भरायची. खण, नारळ, हिरव्या बांगड्या."

"मग? भावाची ओटी भरतात काय रे मेल्या?"

काकांनी गाडी कडेला घेतली. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून शिव्या देऊन गेला, तेही त्यांना कळलं नाही.

आत्या सांगत होती. उतरला तो एकटाच माणूस. नावेरीच्या रेवाळ्यांनी त्याला ठेवून घेतलं, लेक दिली, आडनाव दिलं, आणि डोंगरापलीकडचं रान तोडायला कोयता दिला. त्याला स्वतःचं कोणी नव्हतं, म्हणून सासरच्यांचं सुतक तो मुलासारखं पाळू लागला. नावेरीला मात्र तो जावईच राहिला.

"आणि हे आम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"पुरुषांना घरजावयाचे म्हणवून घ्यायची लाज. म्हणून बाईचा भाऊ केला. आम्ही बायका ओटी भरत राहिलो. तुम्ही कधी विचारलंत?"

संध्याकाळी प्रतापरावांनी नावेरीला आपल्या म्हाताऱ्या आईला विचारलं. ती म्हणाली, सडेकोंड म्हणजे लेकीचं घर, एवढं विचारायला परदेशातून फोन?

म्हणजे नावेरीकर सडेकोंडकरांचे मामाकडचे. भावकी नव्हेच. काकूंनी साखर पुन्हा बाहेर काढली, पण काका म्हणाले, "थांब. दादा राहिलाय."

दादांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे चारचौघांत आम्ही घरजावयाचे. पालखीला पहिला खांदा लावतो मी, माहीत हाय ना? लोकं हसतील."

"हसू देत."

"तुला काय रे, तू बसलास वाळवंटात!"

"म्हणून मीच येऊन सांगतो. येत्या माघात, दोन दगडांसमोर, सगळ्या भावकीला. शिव्या मला पडू देत. पण दादा, ती बाई रान तोडून तिथे राहिली, आणि आपण तिला मिशा लावल्या. माझ्या मुलीचं लग्न त्या मिशांवर नाही मोडणार मी."

यशश्री ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"लेक मामाच्या घरी परत द्यायची," दादा शेवटी पुटपुटले, "ते तरी कुठं बरं दिसतं?"

"इतक्या पिढ्यांनी माहेरी चाललीय दादा. लाड होतील."

मग दादा म्हणाले, "येताना ओटीचा खण तिकडून आणू नको. तिकडं भलताच महाग असंल. इथं बघतो मी."

काकांनी फोन नुसता काकूंच्या हातात दिला. काकू देवाकडे वळल्या. मी मधेच विचारलं, फ्रीजरमधल्या त्या खोबऱ्याचं आता काय करायचं ठरलंय.