मंजुळेचे खोटे चार दिवस

पोलादपूरच्या बाजारातून निघून सावित्रीच्या काठानं दीड कोस चढलं की बावीस घरांची एक वाडी लागायची. बावीस घरं आणि अठरा पुरुष मुंबईला, अशी ती वाडी. मंजुळेचा नवरा श्रीपत त्या अठरांतला. मशीद बंदरला मसाल्याच्या वखारीत हमाल. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, मध्ये एखादं कार्ड. एकुलती लेक बिरवाडीला दिलेली. त्यामुळे घरात माणसं दोनच, मंजुळा आणि तिची सासू साळूबाई.

आता ही साळूबाई काय चीज होती ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सत्तरी उलटलेली, पण कान असा की खाली रस्त्याला एस.टी.चा भोंगा वाजला की अंगणातून म्हणायची, "आज डायवर नवा हाय. आन घाबरट हाय." एकदा शेजारचा रावजी पैज लावून खाली पळत गेला. ड्रायव्हर खरंच नवा, आणि घाटाची चार वळणं घेऊन घामानं निथळत टपरीवर पाणी मागत उभा! तेव्हापासून तिच्याशी कुणी पैज लावली नाही.

अशा बाईच्या नजरेतून सून बाजूला बसली की नाही हे सुटायचं कसं? त्या काळी महिन्याचे चार दिवस बाई पडवीत. चुलीला हात नाही, हंड्याला हात नाही. तेवढे चार दिवस साळूबाईला चूल फुंकावी लागायची, आणि फुंकताना ती अशी बडबडायची की साऱ्या वाडीला कळायचं, मंजुळा आज बाहेर आहे.

एकोणऐंशी सालची गोष्ट. श्रीपत शिमगा करून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईला गेला. चैत्रात साळूबाई बडबडली. वैशाखात बडबडली. जेठात मात्र घर गप्प राहिलं. आषाढ अर्धा सरला तरी गप्पच.

मंजुळेला वाटलं, उन्हाचं चुकलं असेल. पण अंगात भलतंच काही चाललं होतं. बसल्याजागी छातीतून ज्वाळ उठायचा, मानेवरून कानापर्यंत चढायचा, घामानं चोळी भिजायची आणि मग हुडहुडी. झोप उडाली. एक दिवस नाचणीच्या पिठात दोनदा मीठ पडलं. एक दिवस म्हैस उगाच लाथ मारते म्हणून मंजुळा तिच्यावर ओरडली आणि गोठ्यात बसून रडली. कुणाला विचारायचं? आई तर अडतिसाव्या वर्षीच गेलेली. चव्वेचाळीस वर्षांची बाई कशी असते हे दाखवायला ती राहिलीच नव्हती.

लावणीच्या दिवसांत एकदा धो धो पाऊस, बायका इरली पाठीवर घेऊन ओळीनं वाकलेल्या. मंजुळेला मध्येच तो ज्वाळ आला. तिनं इरलं काढून बांधावर फेकलं आणि तोंड वर करून पावसात उभी राहिली.

शेजारच्या ओळीतली येसूबाई हसली. "अगो बाय, अंगातून वाफ निघतेय हिच्या! पोटुशी हायस का काय गो मंजुळे, ह्या वयात?"

सगळ्या खदखदून हसल्या. आणि मग एकेकीचं हसू थांबलं. श्रीपत पाडव्याला गेला. त्यानंतर मंजुळा दोनदा बाहेर बसली. मग पुन्हा नाही. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. येसूबाईनं जीभ चावली, पण बोलून गेलेलं परत येत नाही. सगळ्या पुन्हा वाकल्या. नुसता रोपं चिखलात खुपसल्याचा आवाज.

साळूबाईनं तर बोलणंच टाकलं. मंजुळेनं वाढलेलं ताट मुकाट खायची आणि सुनेच्या पोटाकडं बघत राहायची. चार दिवसांनी रावजीच्या धाकट्या पोरानं सांगितलं, "म्हातारीनं मास्तराकडून श्रीपतकाकाला कार्ड धाडलं. लवकर ये, येवढंच लिवलंय."

 आपण कुठं पाऊल वाकडं टाकलेलं नाही हे मंजुळा जाणून होती. पण हे सांगायचं कुणाला? कुणी तोंडावर आरोप केला असता तर भांडता तरी आलं असतं. विचारतच नव्हतं कुणी.

मग तिनं ती चूक केली. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा न उचलता गोणपाट घेऊन पडवीत जाऊन बसली. काहीच नसताना.

साळूबाई चुलीशी गेली. चूल फुंकली, पण बडबडली नाही. भाकरी लांबून सरकवली. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "वड्यावर मी पन जाते गो. तुज्या धुन्यात काय हाय नि काय नाय, मला दिसतं. सोंगं करतेस व्हय?"

 नसलेल्या पापाला मंजुळेनं आपल्याच हातानं पुरावा दिला होता. चौथा दिवस तिनं तिथंच काढला, कारण आता उठून आत जायचं तर कुठल्या तोंडानं?

पाचव्या दिवशी न्हाऊन ती घोंगडीची खोळ घेऊन एकटीच पोलादपूरच्या दवाखान्यात उतरली. तिथं सुमेधाबाई म्हणून महाडची नर्स होती, चष्मेवाली, बोलायला खडखडीत.

"काय होतंय?"

"काय नाय बाय. दोन म्हयने झाले..." पुढचं मंजुळेला बोलवेना.

सुमेधाबाईनं पडदा ओढला, पोट तपासलं, जीभ बघितली, हात धुतले. मग विचारलं, "एकदम अंग तापून घाम फुटतो का?"

"व्हय."

"झोप लागत नाही? उगाच चिडायला होतं, रडू येतं? छाती धडधडते?"

 "तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. तुझ्या वयाच्या किती बायका त्या बाकावर बसून जातात. पोटात काही नाही तुझ्या. पाळी जायला लागली आहे. पण ती एका दिवसात जात नाही. कधी दोन महिने येणार नाही, कधी पंधरा दिवसांत येईल. असं दोन-चार वर्षं चालायचं. पुरं वर्ष आली नाही की समजायचं, गेली. त्यानंतर पुन्हा अंगावर गेलं, किंवा मध्येच फार जायला लागलं, तर घरी बसायचं नाही, इथं यायचं. कळलं?"

"मंग हे आदी कुनी का नाय सांगितलं?"

"कोण सांगणार? माझ्या आईनं मलाही नाही सांगितलं. मी पुस्तकात वाचलं." सुमेधाबाई हसली आणि मंजुळेनं मागायच्या आधीच एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून दिल्या. घरची अवस्था तिनं चेहऱ्यावरूनच वाचली असावी.

चिठ्ठी कनवटीला लावून मंजुळा एस.टी.च्या थांब्यापाशी आली, तर समोर श्रीपत. मुंबईच्या गाडीतून नुकताच उतरलेला, हातात पिशवी, दाढी वाढलेली. त्यानं तिच्या पोटाकडं बघितलं. आधी पोटाकडं, मग तोंडाकडं.

"हितं काय करतेस?"

"दवाखान्यात आलेली."

तो चालू लागला. ती मागं. अर्धा कोस दोघं तसेच चढले. दवाखान्यापासून ती मनाशी जुळवत आली होती, कुठून सुरू करायचं, ज्वाळाचं आधी की झोपेचं. त्यानं विचारायचा अवकाश होता. ओढ्यापाशी तो थांबला तेव्हा तिनं न राहवून चिठ्ठीच पुढं केली. चौथीपर्यंत शिकलेला श्रीपत बोट ठेवून वाचत राहिला. दोनदा वाचली. मग खांदे सैल पडले.

"असं हाय व्हय! आईनं उगाच घोर लावला." आणि मुंबईची गाडी माणगावला कशी पंक्चर झाली ते सांगत तो पुढं निघाला.

घरी त्यानं आईला चिठ्ठी वाचून दाखवली. साळूबाईनं ऐकून घेतलं. 

"मला पन झालं व्हतं गो असंच," ती म्हणाली. "दोन सालं. समदी म्हनली भायेरचं लागलंय, भूत हाय. दोन कोंबडी कापली माज्या नावानं."

"आत्याबाय! मंग वळखायचं नाय का?"

"वळखनार कशी? मला कोंबडीच ठाव व्हती." म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली. "तू बस वाऱ्याला. चुलीशी तापत असंल तुला. भाकऱ्या मी टाकते."

श्रीपत प्रवासानं दमून भिंतीशी आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. मंजुळा दारात बसली. अठ्ठावीस वर्षं ती या घरात नांदत होती, आणि शिकलेल्या नर्सबाईच्या चार निळ्या ओळींनी ती आज खरी ठरली होती.

"आत्याबाय," तिनं आत न बघताच विचारलं, "कागद नसता तर?"

आतून नुसता भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला.