जर्मन शिपायाचं पदक आणि बारावी पेटी

ही काही सांगायची गोष्ट नाही. पण हल्ली इथं बहरीनमध्ये, आमच्या गुदैबियात, मला बघितलं की लोक छातीवर हात ठेवून वाकतात आणि मागे वळून हसतात. तेव्हा खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या. साखर कमी आहे, तशीच प्यायची.

माझं दुकान ट्रॉफीचं. ढाली, पदकं, दारावरच्या पाट्या, रबरी शिक्के. शाळा चौथीपर्यंत. पण पितळेवर नाव कोरायचं तर लोक रिफाहून गाडी काढून माझ्याकडे येतात.

आणि आधीच सांगून ठेवतो, पदकं मिरवणाऱ्यांबद्दल मला काडीचा आदर नाही. जन्मभर ती विकली, म्हणूनच आदर नाही. ऑफिसात खुर्ची झिजवली म्हणून पदक. शाळेत पळण्याच्या शर्यतीत सगळ्या पोरांना पदक, जो पळालाच नाही त्यालाही. एका गृहस्थानं स्वतःच येऊन स्वतःसाठी ढाल बनवून घेतली, 'उत्कृष्ट समाजसेवक'. वर मला म्हणतो, अक्षर मोठं टाका. असल्या लोकांना मी माल देतो, सलाम देत नाही.

तर एक दिवस दुकानात क्लाउससाहेब आले. जर्मन माणूस, इंजिनियर, साठीचा. माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं सावकाश, त्यामुळे आमचं बरं जमतं. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"जर्मन पदक आहे," म्हणाले.

आमच्या गावी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. मी हातात घेतलं तर चांगलं जड. काळं लोखंड, चार बाजूंना रुंदावत गेलेला क्रूस, कडेला चांदीची किनार. आयर्न क्रॉस म्हणतात त्याला. फीत मात्र कुजलेली.

मी हात मागे घेतला. "नाझींचं आहे का? असेल तर उचला. माझ्या दुकानात राहणार नाही."

"त्यांच्या आधीचं आहे. पहिल्या महायुद्धातलं. बघा, त्यांचं चिन्ह कुठे आहे?"

भिंग लावून बघितलं. चिन्ह नव्हतं. वर मुकुट, मध्ये इंग्रजी डब्ल्यू, खाली १९१४.

"डब्ल्यू कोण?"

"आमचा बादशहा."

"मग त्याचं काय झालं?"

"लढाई हरायची वेळ आली तेव्हा हॉलंडला पळून गेला."

"आणि पदकं?"

"ती शिपायांकडे राहिली," साहेब म्हणाले. "हे माझ्या आजोबांचं. माझे वडील नव्वद वर्षांचे होताहेत. त्यांना हे नव्या फितीसकट हातात द्यायचंय. पुढच्या बुधवारी रात्रीचं विमान आहे. होईल?"

होईल म्हणालो. आजोबांनी काय पराक्रम केला ते विचारलं नाही. लोखंडाचं पदक लढाईत मिळालंय म्हटल्यावर त्यात विचारायचं काय? राजा पळाला असेल, हा उभा राहिला असणार. मला मनापासून वाटलं, जन्मात पहिल्यांदा खरं पदक हातात आलंय.

त्याच दिवशी इक्बाल आला. महाडचा पोरगा, आमच्या कोकणी क्रिकेट मंडळाचा सेक्रेटरी. फायनलसाठी अकरा पदकं हवी होती. मी नेहमीची दाखवली. फुंकर मारली तर उडतील अशी, खोक्यातून येणारी.

"चालतील," तो म्हणाला.

"तुला चालतील. मला नाही चालत."

आणि मी जर्मन क्रूसाचा आकार घेतला. फक्त आकार. मुकुटाच्या जागी बॅट, डब्ल्यूच्या जागी मंडळाचं नाव. लोखंड कापलं, काळं केलं, कडेला निकेल. काळी-पांढरी फीत साहेबांच्या पदकाला आणली होती, तीच सगळ्यांना लावली. सगळी निळ्या मखमली पेट्यांत बसवली. साहेबांचं पदकही तसल्याच पेटीत, कारण माझ्या दुकानातून माल उघडा जात नाही.

शुक्रवारी इक्बाल गाडी घेऊन आला. मी काउंटरवरच्या पेट्या खोक्यात भरून दिल्या. मोजल्या का, विचारू नका. मी मोजत बसत नाही, माझा हात मोजतो. असं मी तेव्हा म्हणत असे.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. मला स्टेजवर बसवलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनावर थांबलो नाही.

मी म्हणालो, "पेटी उघडाल तेव्हा त्या आकाराकडे बघा. जर्मनीच्या लढाईत गोळ्यांसमोर उभे राहिलेल्या शिपायांचा हा आकार आहे. त्यांनी पदक मागितलं नव्हतं. हल्ली काय? उभा राहिला, द्या पदक. बसला, द्या पदक. ज्यानं काही केलं नाही त्याच्या घरी हे पदक गेलं, तर त्याला लाज वाटली पाहिजे."

बिर्याणी निवत होती, पण लोकांनी ऐकून घेतलं. काहींचे डोळे ओले होते. मला वाटलं, भाषणानं. मग पेट्या वाटल्या गेल्या, आणि शेवटी इक्बालनं मला शाल घातली आणि चमकी कागदात बांधलेला एक डबा हातात दिला. त्यानं माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. हे पोरगं मिठाईसुद्धा रडत देतं, मी मनात म्हटलं. खजूर असणार. घरी गेल्यावर शाल आणि डबा बायकोच्या हातात दिला आणि झोपलो.

बुधवारी सकाळी साहेबांची पेटी पुसून ठेवायला गेलो. पेटी नाही. कपाट उपसलं, खोकी उपसली. मग ध्यानात आलं. अकराच्या जागी बारा पेट्या गेल्या. जर्मन शिपायाचं पदक आमच्या कुठल्यातरी फलंदाजाकडे आहे, आणि रात्री साहेबांचं विमान.

इक्बालला एक फोन केला असता तर काम संपलं असतं. पण त्याच इक्बालला मी मागच्या वर्षी, ढालीवरचं नाव चुकवलंस म्हणून, चारचौघांत झापलं होतं. त्याला सांगू की हसनचाचाचा हात चुकला? त्यापेक्षा अकरा घरं फिरेन, म्हटलं.

पहिला गेलो आमच्या गल्लीतल्या कोल्ड स्टोअरमध्ये, इथं किराणा दुकानाला तसं म्हणतात. तिथला पोरगा सलामीला खेळतो.

"पदक दाखव."

त्यानं गल्ल्याखालून काढलं. मी भिंग लावलं. बॅट.

"काय बघताय चाचा?"

"काही नाही."

"काही नाही तर भिंगातून बघताय?"

भिंग खिशात टाकून मी निघालो. दुसऱ्याकडे तेच, तिसऱ्याकडे तेच. प्रत्येक जण विचारी, काय झालं. मी म्हणे, काही नाही. माणसानं कमी बोलावं हे मी आयुष्यभर पाळलंय. त्या दिवशी ते भोवलं.

चौथा लांब अस्करला, ॲल्युमिनियमच्या कारखान्याजवळ कामाला. मुझफ्फर, आमचा विकेटकीपर. शिफ्ट सुटेपर्यंत गेटबाहेर उन्हात उभा राहिलो. तो आला तोच सावधपणे.

"पदक कुठाय?"

"कुलपात हाय, चाचा."

"कुलपात कशाला?"

"आता कशाला लपवताय? ग्रुपवर आलंय सगळं. तुमी चुकून चांदीची दिलात आणि आता एकेक करून परत घ्यायला फिरताय."

"कोण गाढव म्हणतो? लोखंड आहे ते."

"लोखंडासाठी कोण या उन्हात अस्करला येतो, चाचा?"

खरंच कोण येतो?

"मला फक्त बघायचंय," मी म्हणालो.

"फोटो पाठवतो."

त्यानं घरी फोन करून फोटो मागवला. फोटोत बायकोनं पदक मुठीत असं धरलं होतं की जणू मी मोबाईलमधून हात घालणार आहे. बॅट दिसत होती. ती युक्ती बरी वाटली म्हणून बाकीच्यांकडूनही फोटोच मागवले. आले. सगळ्यांवर बॅट. एकानं तर पदकाशेजारी सोनाराला उभं केलं होतं. सोनाराचं तोंड पडलेलं होतं, पण मी चांदीच दिली असणार हा पोराचा विश्वास पक्का.

एकाचाच फोटो आला नाही. आसिफ, रिफातल्या कासमशेठचा मुलगा. कासमशेठ आणि मी एकाच वर्षी बहरीनला आलो. त्यांचा व्हिला झाला, माझा काउंटर झाला. तो पोरगा अकराव्या नंबरला खेळतो, त्याच्यावर बॅटिंग येतच नाही. मला खात्री पटली, लढाईतलं पदक नेमकं या नवाबाच्या घरी गेलंय.

कासमशेठ दारातच उभे होते. मागे दिवाणखान्यात पदक फ्रेम करून टांगलेलं.

"या हसनमियाँ. दिलेलं परत मागत नाहीत."

"परत कोण मागतंय? बघायचंय."

"मग बघा की. तिथूनच बघा."

"कासमशेठ, मी चोर आहे?"

"चोर कोण म्हणतंय? गरजवंत माणूस आहात. चांदीचा भाव मलाही ठाऊक आहे."

एवढं ऐकून घेऊन मी उंबऱ्यावरून मान लांब केली. बॅट. आसिफच्या पदकावरही बॅट.

गाडीत येऊन बसलो. शेवटी इक्बालला फोन लावला.

"इक्बाल, मी तुला पेट्या किती दिल्या?"

"बारा."

"खेळाडू किती?"

"चाचा, क्रिकेट हाय."

"मग बारावी पेटी कुठाय?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "जाऊ द्या ना चाचा. आमी बाहेर कुणाला बोललो नाय."

"काय बोलला नाय?"

"ऑर्डर अकराची, तुमी दिल्यात बारा. कमिटीत बसून विचार केला. मग आमाला समजलं."

"काय समजलं?"

"की चाचांना पण एक पायजे. जन्मभर सगळ्यांना बनवून देतात, यांना कोण देत नाय. तोंडानं मागणार नायत, म्हणून एक जादा बनवून गुपचूप खोक्यात ठेवलं. खरं सांगतो, दोघं-तिघं रडले. म्हणून मग चमकी कागदात बांधून तुमालाच दिलं."

"तुम्ही उघडून बघितलं नाहीत?"

"तुमच्या मनातलं होतं ते. कसं उघडणार?"

फोन ठेवला. भाषणात लोकांचे डोळे का ओले झाले ते आता कळलं. मी पदकं मागणाऱ्यांना शिव्या घालत होतो आणि समोर बसलेली सगळी माणसं समजत होती की हा स्वतःसाठी मागतोय.

घरी आलो. बायको, रुकय्या, शोकेससमोर शेजारणीला घेऊन उभी. मधल्या फळीवर, काचेच्या मशिदीशेजारी, जर्मन शिपायाचं पदक. मागे माझी शाल पसरलेली.

"हे इथं कधीपासून आहे?"

"शुक्रवारपासून. तुमी वर बघितलात तर दिसेल ना. सगळ्या बिल्डिंगनं बघितलं."

"त्यावर १९१४ लिहिलंय. तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना," रुकय्या म्हणाली. "मला वाटलं पोरांनी तुमचं जन्मसाल घातलंय. तोंडाकडे बघून अंदाजानं."

शेजारीण घाईघाईनं घरी गेली. जिन्यात तिचं हसू ऐकू आलं.

पदक पेटीत घालून दुकानात पोचलो तोवर क्लाउससाहेब दारात उभे. बॅगा टॅक्सीत. पेटी हातात दिली की खलास, असं ठरवलं होतं. पण माणूस वडिलांसाठी चाललाय. आजोबांचं पदक शेजारच्या बायकांना दाखवण्यासाठी माझ्या घरी मांडलं होतं हे त्याला कळलं पाहिजे असं वाटलं. सगळं सांगितलं. भाषणासकट.

साहेब हसले नाहीत. आधी फीत बघितली, बोटानं चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे पाच दिवस हे तुमचं होतं. तुम्हाला कशाबद्दल दिलं?"

"कशाबद्दल नाही. एक पेटी जास्त झाली म्हणून."

मग मात्र ते हसले. एवढे हसले की टॅक्सीवाल्यानं हॉर्न मारला.

"माझे आजोबा स्वयंपाकी होते," ते म्हणाले. "त्यांच्या तुकडीला पदकं आली तेव्हा वाटून एक उरलं. परत पाठवायचं तर अधिकाऱ्याला दहा कागद लिहावे लागले असते. आजोबा समोर सूप वाढत उभे होते. त्यानं त्यांच्याच कोटाला लावून टाकलं. घरी कोणी शौर्याची गोष्ट विचारली की आजोबा म्हणायचे, सूप पातळ होतं, तरी दिलं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्यांचा त्यांना फार तिटकारा होता."

साहेब गेले. विमान मिळालं त्यांना, वडिलांच्या हातात पदक असलेला फोटोही आला. म्हातारा छान दिसतो.

मंडळातली पोरं अजून समजतात की चांदी आहे. कासमशेठनं फ्रेमला कुलूप लावलंय. आणि मी दुकानात बसून हिशोब करतो. शंभराहून जास्त वर्षांत ते पदक दोन माणसांना मिळालं, दोन्ही वेळा उरलं म्हणून. एकदा सूप वाढणाऱ्याला आणि एकदा भाषण करणाऱ्याला. त्यातल्या सूपवाल्याचा लोकांना काहीतरी उपयोग होता.