नावाचं बटन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. बायकोला ठेवलं होतं त्या केंद्राच्या ओसरीत ऊन उतरत आलं होतं. स्वयंपाकाच्या बाईनं चार जुड्या माझ्यापुढं टाकल्या आणि म्हणाली, "बाबा, रिकामेच बसू राह्यले तं निवडून द्या." मी बायकोची चाकाची खुर्ची कठड्याशी लावली, ब्रेक दाबला आणि तिच्या मांडीवर ताट ठेवलं. तिची उजवी बाजू लकव्यानं गेलेली. म्हणून मी काडी धरायची आणि तिनं डाव्या हातानं पानं खुडायची, असं आमचं चालायचं. कोवळी आहे समजून मी एक जाड काडी तशीच ताटात टाकली. तिनं ती शोधून काढली, माझ्याकडं बघितलं आणि माझ्या अंगावर फेकली.

"आजीनं पकडलं बरं तुम्हाले," स्वयंपाकाची बाई हसली.

ताटाला जागा हवी म्हणून तिचा बोलायचा डबा मी स्टुलावर काढून ठेवला होता. भाजी झाल्यावर तिचे हात धुतले, डबा परत मांडीवर दिला आणि घरी आलो. उजाडता उजाडता केंद्रातून फोन आला. झोपेतच गेली. संध्याकाळी ताप्तीकाठी तिला अग्नी दिला.

माझं शिक्षण फार नाही. जन्म कागदाच्या मिलमध्ये लगदा ढवळण्यात गेला, पण कागदावर लिहायची वेळ कधी आली नाही. आता लिहितो आहे ते त्या डब्यापायी.

शनवारा मोहल्ल्यात आमच्या दोन खोल्या, त्या पण वरच्या मजल्यावर. जिना असा की खाटेसकट माणूस उतरवायचं म्हणजे खाट उभी करावी लागते. लकवा झाल्यावर काही महिने मी तिला घरीच ठेवलं. काखेत हात घालून उचलायचो. ती कळवळायची, मी ओरडायचो, खालचे लोक खिडकीतून वर बघायचे. मग लालबागच्या बाजूला हे केंद्र कळलं. म्हाताऱ्या आजाऱ्यांना सांभाळतात म्हणे. टाकलं तिथं नेऊन. लोकांनी तोंडावर म्हटलं, बायकोला टाकलं. म्हटलं, हो टाकलं, तुम्ही येता का उचलायला? कोणी आलं नाही.

तिथली खाट बटनावर वरखाली होते. अंथरुणाखाली एक पातळ गादी असते, माणूस कडेला सरकलं की ती ओरडते आणि बाया धावत येतात. आणि उचलायला एक लोखंडी खांब, त्याला कापडाची झोळी. पहिल्या दिवशी बायकोला त्या झोळीत लटकलेलं बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "केळीचा घड तोलता का काय तुम्ही? माणूस आहे ते!" तिथली आया डोईफोडिया गावची, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आजीचं तोंड बघा, मग बोंबला." बघितलं. बायको झोळीत शांत होती. खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्या हातात ती कधी अशी राहिली नव्हती.

तिला समजत सगळं होतं, शब्द तेवढे येत नव्हते. तोंडातून नुसता घशाचा आवाज. त्यासाठी खंडव्याहून एक मुलगी यायची, अशा लोकांना बोलतं करण्याचं शिकलेली. लग्न व्हायचं होतं तिचं. घरचं बोलणं हिंदी, पण मराठी रेटून बोलायची. तिनं हा डबा आणला. ताटाएवढा, चपटा, वर मोठी मोठी बटनं. प्रत्येक बटनावर चित्र. पेल्याच्या चित्रावर दाबलं की त्या मुलीचा आवाज निघायचा, "मला पाणी पाहिजे." कपाचं चित्र दाबलं की चहा. एक डोकेदुखीचं, एक बाथरूमचं, एक दिवा घालवायचं. बायकोनं दोन दिवसांत सगळं शिकून घेतलं. चहाचं तर इतकं दाबायची की आया म्हणायची, "आजी, हे चहाचं बटन मी उपटून टाकते आता."

खालच्या कोपऱ्यात एक बटन रिकामं होतं. मुलीनं मोबाईलवर माझा फोटो काढून तिथं चिकटवला. विचारलं, "बाबा, तुम्हाला बोलवायचं झालं तर काय बोलू यात?"

मी नाव सांगितलं. माझं, बापाचं आणि आडनाव, मिलच्या गेटवर हजेरी द्यायचो तसं. तिनं ते मशीनमध्ये भरलं.

आणि ते बटन बायकोनं दाबलंच नाही. पाणी दाबे, चहा दाबे, मी शेजारी बसलेला असलो तरी मला मात्र हाक मारेना. मुलगी तिचं बोट धरून फोटोवर न्यायची, ती हात ओढून घ्यायची. कधी कधी हात डोक्याकडं नेऊन चाचपडायची. मुलगी म्हणायची, "डोकं दुखतं? मग हे दाबा ना आजी." ती डोकेदुखीचंही दाबायची नाही.

केंद्राच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. बाई मऊ होती, बोलली पण मऊच. "बाबाजी, बुरा मत मानना. कभी कभी दिमाग़ में चेहरे मिट जाते हैं. अम्मा शायद आपको नहीं पहचानतीं."

चहा ओळखते आणि मला नाही. त्या दिवशी मी रिक्षा न करता पायी घरी आलो.

पोरगा सुरतेला असतो. त्याला आधीच घोर लागला होता, कारण रिक्षातून उतरताना मी एकदा पडलो होतो. त्यानं फोनवर सांगितलं, "आप्पा, तिथं तिची सगळी सोय आहे. ती तुम्हाला ओळखत नाही तर रोज धक्के खात कोणासाठी जाता? माझ्याकडं या. महिन्याला एकदा दोघं मिळून जाऊ."

पोरगा वाईट नाही. मी म्हटलं, "मला ती ओळखत नसेल तर येतो." बोलून तर गेलो. आमच्यात बोललेला शब्द फिरवायची रीत नाही.

मग त्यानं ठरवलं, आपण फोनवरून बघू, सगळ्यांसमोर एकदा होऊन जाऊ दे. ठरल्या दिवशी मुलीनं मोबाईल खाटेच्या पायथ्याशी उभा केला. त्यात पोराचं तोंड. मी नेहमी बायकोच्या उजव्या हाताशी बसायचो, मेलेली बाजू धरून. त्या दिवशी पोराला नीट दिसावं म्हणून मला समोर उभं केलं.

मुलगी म्हणाली, "आजी, बाबांना बोलवा." बायको हलली नाही. "असं दाबायचं," म्हणून मुलीनं स्वतःच फोटो दाबला. अख्ख्या खोलीत माझं नाव गाजलं, बापासकट, आडनावासकट, बाईच्या आवाजात.

बायकोनं मान खाली घातली. डावा हात डोक्यावर गेला, कपाळावरून मागं, मग खांद्यावर. काहीतरी शोधत होता. मी समोर होतो म्हणून मला दिसलं. ती पदर शोधत होती. केंद्रात सगळ्या बायांना मॅक्सी घालतात, धुवायला सोपी म्हणून. मॅक्सीला पदर कुठून येणार?

मी म्हटलं, "अरे, बंद करा ते! बंद करा!"

मुलगी घाबरली. मी म्हटलं, "नवऱ्याचं नाव घेणार आहे का ती? जन्मात घेतलं नाही. दवाखान्याच्या खिडकीत पतीचं नाव विचारलं तर मी येईपर्यंत उभी राहायची, मागची लाईन शिव्या घालायची तरी. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, ते पण बायकांनी दार अडवलं म्हणून. आणि तुम्ही म्हणता सगळ्यांसमोर घे!"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. आता समजलं का दगडा, असं.

मुलीनं जीभ चावली. "मग काय भरू बाबा? काय म्हणायच्या त्या?"

"काय म्हणणार? अहो."

"हां, म्हणते मी." तिनं बटन धरलं, तोंड उघडलं आणि लाजून लाल झाली. "अय्यो, मुझसे नहीं होगा. ये तो... आया, तू बोल ना."

आया दोन पावलं मागं सरली. "मी नाही म्हणणार बाई! दुसऱ्याच्या नवऱ्याले अहो म्हणू का? माझ्या घरच्याले कळलं तं माझीच झोळी बांधीन तो!"

मॅडमकडं बघितलं तर मॅडम तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. आता पुरुषांत मी एकटा. पोरगा फोनमध्ये. तो कसा बापाला अहो म्हणणार? मुलीनं डबा माझ्यापुढं केला. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "अहो."

"बाबा, रागात झालं. प्रेमानं म्हणा."

"ती पण रागातच म्हणायची."

तरी पुन्हा म्हटलं. जरा लांबवून, ती जिन्यावरून हाक मारायची तसं. डबा बायकोच्या मांडीवर ठेवला. तिनं आधी बोट नुसतं ठेवलं. मग दाबलं. माझ्याच जाड्या आवाजात डबा बोलला, "अहोऽ."

मी म्हटलं, "काय गं?"

ती हसली. तोंड एकाच बाजूनं हसत होतं, तेवढं पुरे होतं. तिनं पुन्हा दाबलं. मी पुन्हा म्हटलं, "काय गं?" फोनमधून पोरगा म्हणाला, "आप्पा, हा तर तुमचाच आवाज आहे." सुरतेचं नाव त्यानंतर त्यानं काढलं नाही. सणाला स्वतः येऊ लागला.

पुढं तिनं चहाचं बटन जवळजवळ सोडून दिलं. "अहो" दाबायची, मी जवळ गेलो की डोळ्यांनी कपाकडं बघायची. कधी काहीच नको असायचं. मी पेपर वाचत असलो की दाबायची, मी वर बघितलं की दुसरीकडं बघायची. आया म्हणायची, "मशीनची बॅटरी काय तुमच्या दोघांच्या गप्पांसाठी भरायची का?"

असं चाललं ते त्या मेथीच्या दिवसापर्यंत.

अग्नी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या कपड्यांची पिशवी उघडली. आत डबा. केंद्रातल्या कोणी गडबडीत सोबत बांधून दिला होता. मी टोपी घातली. घरात जमलेल्या बायका म्हणाल्या, "सुतकात कुठं निघाले?" मी म्हटलं, "डबा द्यायला. तिकडं एक बाई मुकी बसली आहे." पोरगा सोबत येतो म्हणाला. त्याला घरी बसवलं आणि रिक्षा केली.

बायकोच्या समोरच्या खाटेवर एक मुसलमान म्हातारी होती, तिचीही वाचा गेलेली. असला डबा केंद्रात दुसरा नव्हता. ती कधीची वाट बघत होती. खंडव्याची मुलगी आलेली होती. मला बघून रडायला लागली. मी म्हटलं, रडणं नंतर, आधी हे घे.

तिनं डबा पुसला, एकेक बटन दाबून बघितलं. शेवटी कोपऱ्यातलं दाबलं. "अहोऽ." माझ्या तोंडातून निघून गेलं, "हं."

ती म्हणाली, "बाबा, हा आवाज मोबाईलवर ठेवून देऊ तुमच्यासाठी?"

"नको. आवाज माझाच आहे, माझ्याजवळ आहे तो."

तिनं तो पुसला. म्हातारीचा मुलगा शेजारीच उभा होता, टक्कल पडलेला, चष्मा लावलेला. मुलगी त्याला विचारायला लागली, "आपका पूरा नाम..." मी म्हटलं, "नाव विचारू नको. आई त्याला काय म्हणते ते विचार."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग हळूच सांगितलं. लहान पोराला लाडानं म्हणतात तसलं काहीतरी होतं, मी इथं लिहीत नाही. आया फिस्सकन हसली, मी तिच्यावर डोळे वटारले. डब्यात ते भरून होईपर्यंत मी थांबलो. म्हातारीनं बटन दाबलं. तो "हां अम्मी" म्हणून तिच्याजवळ वाकला.

मी बायकोच्या खाटेवरची चादर घडी करून आयाच्या हातात दिली आणि घरी आलो. दारातच बायकांनी अंगावर पाणी घ्यायला लावलं. घेतलं.